संकासुराने वेद कुठे लपवले : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यातल्या संकासुरावरच्या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे की, गावाबाहेरच्या माणसाला जो समजावून सांगावा लागतो तो विनोद दुबळाच, आणि जत्रेला आलेल्या पाहुण्याला हसण्यातून वगळणे हा त्याचा अपमान आहे. आपला आक्षेप मी दोनदा वाचला. त्याचा पहिला भाग मला मुळीच मान्य नाही.

सिंधुदुर्गातल्या जत्रांत मूळ आख्यानाआधी जो आडदशावतार होतो, त्यात काळ्या वेशातला, लांब लाल जिभेचा संकासुर वेद चोरतो. बाकीची पात्रे प्रमाण मराठीत बोलत असताना हा मालवणीत बोलतो, आणि लिहिलेली संहिता समोर नसल्यामुळे त्या त्या गावातली गोष्ट तो हवी तिथे ओवू शकतो. मी पाहिलेल्या एका जत्रेत, वेद कुठे ठेवलेस असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘समुद्रात नाय, व्हाळाच्या साकवाखाली ठेवलंय, थंय कोण येवचो नाय.’’ सगळा सभामंडप खदखदून हसला. व्हाळ म्हणजे ओढा, आणि त्यावरच्या त्या साकवाचे, म्हणजे लहान पुलाचे, काम तीन पावसाळे अर्धवट पडून होते आणि ते काम घेतलेले गृहस्थ मानकऱ्यांच्या शेजारीच बसले होते. त्यांनी क्षणभर मान खाली घातली, मग तेही हसले.

हीच गोष्ट कोणी ग्रामसभेत काढली असती तर भांडण जुंपले असते. संकासुराच्या तोंडून ती सर्वांना, अगदी त्या गृहस्थांनाही, ऐकून घेता आली. कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाने चपला हातात घेऊन, गुडघाभर पाण्यातून तो व्हाळ ओलांडलेला होता. पाहुण्याला तिथे कोणी वगळले नव्हते, तो त्या पाण्यातून गेलेला नव्हता एवढेच. ज्या वाक्यावर दीडशे माणसे एका दमात हसतात, त्याला दुबळे कसे म्हणावे?

आपल्या आक्षेपाचा दुसरा भाग मात्र मला लागला. त्याच रात्री संकासुराने चिऱ्याच्या खाणीवरच्या परप्रांतीय मजुरांच्या बोलण्याची नक्कल केली होती. त्यांतले दोघे मागे खांबाला टेकून उभे होते. लोक आपल्याकडे वळून का हसत आहेत हे त्यांना कळत नव्हते, आणि उलट उत्तर देण्याची सोयही त्यांना नव्हती. हा प्रसंग मी लेखातून गाळला होता. तो गाळायला नको होता. आज तो लेखात जोडला आहे.