मॅडोनाच्या व्हिडिओवरची बंदी 'स्टंट' होती म्हणणाऱ्यांना

शाळेच्या ग्रुपवर परवा ती पोस्ट पुन्हा आली, अमेरिकन पॉपगायिका मॅडोनाच्या 'जस्टिफाय माय लव्ह' या गाण्याच्या १९९० च्या व्हिडिओबद्दलची, जो एमटीव्ही या गाण्यांच्या अमेरिकन चॅनलनं दाखवायला नकार दिला होता. तुमच्याकडेही आली असेल, मला आत्तापर्यंत तीन जणांनी पाठवलीय. पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं की बंदीबिंदी काही नव्हती, एमटीव्ही आणि मॅडोना यांनी आधीच संगनमत करून व्हिडिओ कॅसेट खपवली. व्हिडिओ नुसताच घाणेरडा होता, त्यामुळे कुठल्याही चॅनलनं तेच केलं असतं. गाण्यात काही दम नव्हता, बंदीमुळेच ते नंबर वन झालं. आणि शेवटी पैसे तिलाच मिळाले ना, मग गळचेपी झाली म्हणून कशाला रडायचं. मध्येच एक वाक्य असंही घुसवलंय की याच गाण्यापायी पेप्सीनं तिला काढून टाकलं आणि अमेरिकन सरकारनं व्हिडिओवर बंदी आणली.

मी हे गाणं तीसेक वर्षं ऐकतेय. त्यामुळे "असं काही नाहीये रे" एवढं टाइप करून गप्प बसणं मला जमणार नाही, नीट सांगते.

आधी पेप्सीचं उरकून टाकू. ते गाणंच वेगळं, 'लाइक अ प्रेअर', मार्च १९८९. पेप्सीनं तिच्याशी ५० लाख डॉलरचा करार केला होता, जाहिरात टीव्हीवर लागली आणि दुसऱ्याच दिवशी गाण्याचा खरा व्हिडिओ आला, त्यात जळणारे क्रॉस आणि कृष्णवर्णीय संताचं चुंबन. धार्मिक संघटनांनी बहिष्काराची भाषा केली, पेप्सीनं जाहिरात मागे घेतली, पैसे तिच्याकडेच राहिले. पण एमटीव्हीनं त्या व्हिडिओवर बंदी घातली नव्हती, उलट तो भरपूर दाखवला आणि त्याच वर्षी प्रेक्षकांच्या पसंतीचं बक्षीसही त्यालाच मिळालं. हे लक्षात ठेवा, कारण खरा प्रश्न इथूनच सुरू होतो. ज्या चॅनलला जळणारे क्रॉस चालले त्याला पुढच्याच वर्षी नेमकं काय चाललं नाही?

सरकारचं पण तसंच. अमेरिकन सरकारचा यात काही संबंध नव्हता. एमटीव्ही हे खासगी केबल चॅनल, त्यांनी स्वतःच्या पडद्यावर दाखवायचं नाही असं ठरवलं, बस. पण म्हणून ते किरकोळ होतं असं समजू नका. आपल्याकडे १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर' नाटक अडवलं ते सरकारी परिनिरीक्षण मंडळानं, त्यामुळे दिग्दर्शक कमलाकर सारंगांना निदान हायकोर्टात जाता आलं आणि ते जिंकलेही. खासगी चॅनल 'नाही' म्हणालं तर जायचं कुठे? १९९० साली यूट्यूब नव्हतं, आणि तरुण पोरांसाठी दिवसरात्र गाणी दाखवणारं तेवढं मोठं चॅनल अमेरिकेत दुसरं नव्हतं. एमटीव्हीवर नाही म्हणजे व्हिडिओ नाहीच, असा तो काळ होता.

आता मुख्य मुद्दा, स्टंटचा. जे झालं ते क्रमानं बघा. नोव्हेंबर १९९० मध्ये तिच्या निवडक गाण्यांचा अल्बम 'द इमॅक्युलेट कलेक्शन' आला, हे गाणं त्यातलं नवं. एमटीव्हीनं अख्खा वीकएंड मॅडोनाच्या नावे ठेवला होता आणि त्यातच हा व्हिडिओ पहिल्यांदा दाखवायचं ठरलं होतं. मग महिनाअखेरीला व्हिडिओ हातात आला, त्यांनी बघितला आणि कळवलं की एक कलाकार म्हणून आम्हाला तिच्याबद्दल आदर आहे पण हा व्हिडिओ आमच्यासाठी नाही. ज्या कार्यक्रमाची जाहिरात आपणच करतोय त्यातला मुख्य पदार्थच ताटातून काढून घ्यायचा, यात चॅनलचा काय फायदा ते मला कोणीतरी समजावून सांगा. कॅसेटचे पैसे रेकॉर्ड कंपनीला जाणार, एमटीव्हीच्या वाट्याला फक्त शिव्या.

आणि तिला काय वाटलं होतं? ३ डिसेंबरला ती एबीसी या अमेरिकन नेटवर्कच्या 'नाइटलाइन' कार्यक्रमात बसली, समोर मुलाखत घ्यायला फॉरेस्ट सॉयर. त्यांनी पूर्ण व्हिडिओ दाखवला आणि मग तिला विचारलं. ती सरळ म्हणाली की मला वाटलं होतं नियम थोडे वाकवता येतील. तसं वाटायला कारणही होतं. त्याच वर्षी 'व्होग'च्या व्हिडिओत जाळीदार कपड्यातून छाती दिसते म्हणून एमटीव्हीनं तो शॉट काढायला सांगितला होता, तिनं नकार दिला आणि व्हिडिओ तसाच लागला. म्हणजे काही महिन्यांपूर्वी ताणून धरल्यावर चॅनल नमलं होतं, यावेळीही नमेल हा तिचा अंदाज होता आणि तो चुकला. अंदाज चुकणं आणि कट शिजवणं यात काही फरक आहे की नाही?

स्टंटवाल्यांचा हुकमी एक्का त्याच मुलाखतीतला आहे. सॉयरनं विचारलं की टीव्हीवर लागला असता त्यापेक्षा आता जास्तच पैसे मिळतील ना, तर ती म्हणाली हो, मग काय झालं, माझं नशीब. हे वाक्य लोक कबुलीजबाब असल्यासारखं फिरवतात. अहो, व्हिडिओ टीव्हीवर लागणार नाही म्हटल्यावर कंपनीनं घाईघाईनं त्याची व्हीएचएस कॅसेट काढली, एका गाण्याची, किंमत ९.९८ डॉलर, आणि ती धडाधड खपली हे खरंच आहे. कोण नाकारतंय? पण पुढचं दार तोंडावर लावलं म्हणून कोणी मागच्या दारानं बाहेर पडलं, तर पुढचं दार त्यानंच लावून घेतलं असं आपण म्हणतो का?

आता तो 'नुसता घाणेरडा' व्हिडिओ. माझं गाऱ्हाणं हे आहे की यावर बोलणाऱ्या बऱ्याच जणांनी तो बघितलेलाच नसतो. मीही उशिराच बघितला, १९९० साली आपल्याकडे नुसतं दूरदर्शन, स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आलं १९९१ मध्ये. माझ्याकडे अल्बमची ऑडिओ कॅसेट होती आणि व्हिडिओबद्दल फक्त ऐकलेलं, त्यामुळे डोक्यात काहीतरी भयंकर चित्र तयार झालं होतं. कित्येक वर्षांनी कॉम्प्युटरवर बघितला तेव्हा मी शेवटपर्यंत ते भयंकर कधी येतंय याची वाट बघत बसले होते.

ब्लॅक अँड व्हाइट आहे तो. पॅरिसचं रॉयाल मोन्सो हॉटेल, दिग्दर्शक ज्याँ-बातिस्त मोंदिनो. लांबलचक कॉरिडॉर, त्यातून ती एकटी येतेय, अंगात कोट, हातात बॅग, आणि डोकं धरून अशी चालते की दिवसभर राबून आलेली बाई घरी येताना दिसते तशी, थकलेली. समोरून एक पुरुष येतो, टोनी वॉर्ड, तिचा तेव्हाचा मित्र. मग खोली. तिथे कोण पुरुष कोण बाई हे पटकन कळू नये असे चेहरे, एकमेकांना पेननं मिशा काढणारे, एकीकडे काळ्या घट्ट कपड्यातला एक नर्तक कोळ्यासारखे हातपाय ताणतोय, ती एका बाईचं चुंबन घेते आणि तिचा मित्र बघत बसतो. क्षणभर एका बाईची उघडी छाती दिसते, हे मी लपवत नाही. कोणी कोणाला मारत नाही, कोणी कोणावर जबरदस्ती करत नाही. आणि शेवटी ती उठते, बॅग उचलते आणि त्याच कॉरिडॉरमधून पळत सुटते, तोंडावर हात धरून खुदकन हसत. आली होती थकून, जातेय हसत. मग अक्षरं येतात, ज्याचं सुख दुसऱ्याच्या परवानगीवर अवलंबून तो माणूस गरीब, अशा अर्थाची. व्हिडिओ संपला.

आठ वर्षांच्या पोरीला मी हा दाखवेन का? नाही. पण मुद्दा मुलांचा असता तर रात्री उशिरा दाखवता आला असता. 'नाइटलाइन'नं साडेअकराला दाखवलाच की, तेही केबलवर नाही तर घराघरात जाणाऱ्या मोठ्या नेटवर्कवर, कुठे आभाळ कोसळलं? खुद्द एमटीव्हीनंच दोन वर्षांनी तिचा 'इरॉटिका' मध्यरात्रीनंतर तीनदा का होईना दाखवला. म्हणजे ही सोय १९९० मध्येही सुचण्यासारखी होती.

आणि त्याच वर्षी एमटीव्हीवर काय चालत होतं ते बघा म्हणजे 'कुठल्याही चॅनलनं तेच केलं असतं'मधली हवा निघून जाईल. बिली आयडलचं 'क्रेडल ऑफ लव्ह', १९९०. एका सभ्य माणसाच्या घरात शेजारची कोवळी पोरगी कॅसेट घेऊन शिरते, गाणं लावते आणि कपडे उतरवत त्याच्यासमोर नाचते. याला एमटीव्हीनं नुसतं दाखवलं नाही, त्या वर्षी सिनेमातल्या गाण्याचा सर्वोत्तम व्हिडिओ म्हणून बक्षीस दिलं. रॉक बँडवाल्यांच्या व्हिडिओत तर गाडीच्या बॉनेटवर पसरलेल्या बायका दिवसाढवळ्या दिसायच्या. म्हणजे अंगप्रदर्शनाचं वावडं नव्हतं, सेक्सचंही नव्हतं. वावडं होतं ते बाई स्वतः ठरवतेय याचं, आणि दोन बायका, दोन पुरुष एकमेकांना प्रेमानं हात लावतायत याचं. १९९० आहे हे, एड्सची भीती एवढी की गे माणसाशी हात मिळवायला लोक कचरायचे, आणि ही बाई आदल्या वर्षी आपल्या अल्बममध्ये एड्सची माहिती देणारा कागद घालत होती. अमेरिकेत सिनसिनाटीला छायाचित्रकार मॅपलथॉर्पचे समलैंगिक विषयांवरचे फोटो लावले म्हणून म्युझियमच्या डायरेक्टरवर खटला चालला तोही त्याच वर्षी, आणि टोरंटोत पोलिसांनी मॅडोनाच्या कार्यक्रमात येऊन अटकेची तंबी दिली तीही त्याच वर्षी. अशा हवेत कुठलीही कंपनी घाबरते हे मी समजू शकते. पण मग घाबरलो म्हणा, संस्कृतीरक्षण म्हणू नका.

ती स्वतः त्या मुलाखतीत याच्यावरच बोट ठेवत होती. हिंसा दाखवता, बायकांचा अपमान दाखवता, ते दिवसभर चालतं, मग सेक्ससाठी रात्रीचा तास ठेवणार असाल तर हिंसेसाठी आणि बायकांच्या अपमानासाठीही वेगळा तास ठेवा, असं तिचं म्हणणं. सॉयरनं मग तिच्या आधीच्या एका व्हिडिओतल्या गळ्यातल्या साखळीचा विषय काढला, तर म्हणाली ती साखळी मी मला घातलीय, कुठल्या पुरुषानं नाही. पटो न पटो, बाईनं मुद्दा सोडला नाही.

'बंदीमुळेच नंबर वन' हे तर पाच मिनिटांत तपासता येतं. जानेवारी १९९१ मध्ये हे बिलबोर्ड या गाण्यांच्या अमेरिकन चार्टवर नंबर वन झालं, दोन आठवडे राहिलं, आणि ते तिचं नववं नंबर वन गाणं होतं. आधीची आठ कुठल्या बंदीवर गेली? त्या चार्टला गाण्याच्या सिंगलची विक्री आणि रेडिओ मोजायचे. बंदीमुळे चर्चा झाली, कुतूहल वाढलं, मान्य. पण एकदा हेडफोन लावून ऐका हो, त्यात रूढ अर्थानं चाल जवळजवळ नाहीच, पब्लिक एनिमी या रॅप ग्रुपच्या एका तुकड्यावरून घेतलेला ड्रमचा ठेका गोल गोल फिरतो आणि त्यावर ती कुजबुजते, बस एवढंच. १९९० च्या रेडिओवर असं काही वाजणं हीच मोठी गोष्ट होती.

आणि मॅडोनाच्या बाजूवर बोट ठेवायचंच असेल तर इथे ठेवा, पोस्टमध्ये याचा एक शब्द नाही. त्या कुजबुजीतले शब्द मुळात इन्ग्रिड चावेझ या कवयित्री-गायिकेचे. रेकॉर्डवर नावं होती गायक-निर्माता लेनी क्रॅविट्झ आणि मॅडोनाची, चावेझचं नव्हतं. तिनं क्रॅविट्झवर दावा केला, १९९२ मध्ये कोर्टाबाहेर मिटलं आणि मग तिचं नाव लागलं. एका बाईच्या इच्छेचा आवाज म्हणून ज्या गाण्याची बाजू मी इतकी वर्षं घेतेय त्याच्याच लेबलवर एका बाईचं नाव नव्हतं, हे कळलं तेव्हा मला खूप लागलं होतं. अजूनही लागतं.

राहता राहिलं, 'पैसे मिळाले ना, मग काय'. मॅडोनाला मिळाले, कारण ती मॅडोना होती. तिच्यामागे मोठी कंपनी होती, दुसऱ्या दिवशी कॅसेट काढायची ताकद होती, टीव्हीवर बसून भांडायला जागा होती. एखादी नवी पोरगी असती तर तिला सांगितलं गेलं असतं की हे हे शॉट काप, आणि तिनं ते निमूट कापले असते, आपल्याला कळलंही नसतं. बंदीचा मार असा दुसऱ्यांच्या पाठीवर बसतो. आणि मॅडोनाचंही ते तिथे संपलं नाही. २००१ मध्ये 'व्हॉट इट फील्स लाइक फॉर अ गर्ल'चा व्हिडिओ एमटीव्हीनं एकदा दाखवला आणि हिंसक आहे म्हणून बंद केला. त्यात एक बाई गाडी पळवत पुरुषांना मारत सुटलेली असते. १९९० मध्ये हिंसा नव्हती तरी अडवलं, २००१ मध्ये हिंसा आहे म्हणून अडवलं.

पोस्ट टाकणाऱ्या मित्राला मी काल फोन करून एवढंच विचारलं की तू व्हिडिओ बघितलायस का. म्हणाला नाही गं, आलं म्हणून पुढे ढकललं. लिंक पाठवलीय त्याला, पाचेक मिनिटांचा आहे, म्हटलं तो सुरुवातीचा कॉरिडॉर आणि शेवटचा कॉरिडॉर नीट बघ, मग बोलू.