बीव्हर मासे खात नाही, आणि तो स्कॉटलंडला परकाही नाही

एक मेसेज फिरतोय, की स्कॉटलंडमध्ये परदेशी बीव्हर (नदीत फांद्या-मातीचे बांध घालणारा, मोठ्या उंदरासारखा प्राणी) आणून सोडलेत आणि ते नद्यांमधले मासे फस्त करतायत. साफ चूक आहे हे. बीव्हर पूर्ण शाकाहारी आहे, झाडांची साल, पाला, कोवळ्या फांद्या, पाणवनस्पती एवढंच खातो. आणि परदेशी कसला, तो तिथलाच, पण फर, मांस आणि कॅस्टोरियमसाठी (त्याच्या शेपटीजवळच्या पिशव्यांतला वासाचा पदार्थ) माणसांनी इतका मारला की साधारण 16व्या शतकात तिथून संपलाच. युरोपभर हेच झालं, 20व्या शतकाच्या सुरुवातीला जेमतेम 1200 उरले होते, नॉर्वेत थोडे टिकले म्हणून तर 2009 मध्ये तिथून आणून स्कॉटलंडमधल्या नॅपडेलच्या जंगलात सोडता आले, म्हणजे एका देशातल्या लोकांनी जपलं ते दुसऱ्याच्या कामी आलं, मला तरी ही गोष्ट फार मोलाची वाटते.

हां, स्कॉटलंडमधल्याच टे नदीकडच्या शेतकऱ्यांची तक्रार मात्र खरी आहे, बीव्हरच्या बांधांमुळे शेतात पाणी शिरतं, नुकसान होतं, ते कुणी नाकारू नये. पण त्यावर उपाय आहेत, बांधात पाइप टाकून पाण्याची पातळी कमी करता येते, नाहीतर बीव्हर पकडून दुसरीकडे हलवतात. 2019 पासून त्याला तिथे कायद्याचं संरक्षण आहे, परवान्याशिवाय मारता येत नाही. मेसेज पुढे पाठवला असेल तर हेही पाठवा प्लीज.