भडंगातला कार्बन

चिरंजीव नववीत आहेत. रविवारी रात्री साडेनऊला, मी जेवून हात पुसत असताना त्यानं जाहीर केलं, "पप्पा, उद्या अणूवर चाचणी आहे. समस्थानिकं डोक्यात शिरंना झाल्यात."

मी पतसंस्थेत कारकून. जामीनदार कधी पळणार हे मला चेहऱ्यावरून कळतं, अणूचं तेवढं कळत नाही. पण 'मला येत नाही' असं पोरासमोर म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. त्याच्याच पुस्तकात पाच मिनिटं डोकं घातलं आणि भडंगाचं ताट पुढं ओढलं. सहा शेंगदाणे वेचले, ते प्रोटॉन. सहा डाळं, ते न्यूट्रॉन. चहासाखरेच्या डब्यातले सहा दाणे म्हणजे इलेक्ट्रॉन, दोन आतल्या कवचात, चार बाहेर. झाला कार्बन-12!

"खरं तर साखर एवढ्या जवळ नसती," मी पुस्तकातला आकडा फेकला. अख्खं केंद्रक, म्हणजे शेंगदाणे-डाळं मिळून झालेला मधला गोळा, एका शेंगदाण्याएवढं धरलं, तर बाहेरचा इलेक्ट्रॉन जवळजवळ अर्धा किलोमीटरवर. शेंगदाणा गणपतीच्या देवळात, साखर कुठं तरी नदीच्या अंगाला.

"आणि मधी काय?" आजीनं विचारलं.

"काही नाही. पोकळी."

"ह्याचीच फी भरताय व्हय!"

(आपला आयर्विन पूल 1929 चा आणि चॅडविकला न्यूट्रॉन सापडला 1932 ला. तीन वर्षं सांगलीकर न्यूट्रॉनशिवाय पूल ओलांडत होते, कुणाचं काही अडलं नाही.)

मग मी केंद्रकात दोन डाळं वाढवली. कार्बन-14. शेंगदाणे सहाच, म्हणून नाव तेच, रासायनिक स्वभाव तोच. वजन तेवढं वाढलं. अशी ही दोघं म्हणजे समस्थानिकं.

"लग्नातले पप्पा आणि आत्ताचे पप्पा," स्वयंपाकघरातून आवाज आला. पोरगं खदखदून हसलं आणि त्याला समस्थानिकं कळली. माझी अर्ध्या तासाची मेहनत गेली खड्ड्यात.

एवढ्यात आजीनं एक शेंगदाणा उचलून तोंडात टाकला.

"आजी! कार्बनचा बोरॉन केलास!"

बिचारी घास चावायची थांबली. डाळं खाल्लं असतं तर कार्बन-13 झाला असता, प्रकरण घरातल्या घरात मिटलं असतं. प्रोटॉन गेला की मूलद्रव्यच बदलतं. आजी म्हणाली, "डाळं मला बाधतंय रे." मी गुपचूप नवा शेंगदाणा लावला. कार्बन-14 निम्मा व्हायला 5730 वर्षं लागतात म्हणे. आमच्याकडं भडंग निम्मं व्हायला आजी एकटी पुरे.

मी पाणी प्यायला उठलो. परत येतो तर पोरगं ताटावर वाकून बसलेलं. बाहेरच्या कवचातला साखरेचा एक दाणा मुंगीनं उचलला होता.

"पप्पा, इलेक्ट्रॉन चाललाय. आता प्रोटॉन एक जास्त, म्हणजे हा धन आयन झाला ना?"

आयनचं पान मी वाचलंच नव्हतं. "आधी ती मुंगी झटक," मी म्हणालो.