गुप्ततेची दवंडी

'आम्ही तुमचे मेल वाचत नाही' असं छातीठोकपणे सांगणारी एक कंपनी होती. माझे मेल तसे मीही फारसे वाचत नाही, पण आपण न वाचणं आणि दुसऱ्याने न वाचणं यात तत्त्वाचा फरक आहे. मेल, कागदपत्रं, कॅलेंडर, सगळं एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक भाषेत. किल्ली फक्त माझ्याकडे. आमच्या घरात फक्त माझ्याकडे असलेली ती एकमेव किल्ली.

मग एक दिवस मेल आला : 'आम्हांला कळवायला अत्यंत आनंद होतो की...' कंपनीला आनंद झाला की गिऱ्हाइकाने पुढचं वाचत न बसता डेटा उतरवून घ्यायला लागावं. तिसऱ्या परिच्छेदात कळलं, की एका मोठ्या कंपनीने यांना विकत घेतलंय आणि सेवा बंद होतेय. नाव घेत नाही. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये.

बंद पडायचंच तर लव्हाबिटसारखं पडावं. अमेरिकी सरकारची पाळत चव्हाट्यावर आणणारा एडवर्ड स्नोडेन ज्यांची ई-मेल वापरायचा ते हे अमेरिकेतले लोक. 2013 साली एफबीआयने एन्क्रिप्शनची किल्ली मागितली. मालक लदार लेव्हिसनने ती दिली, पण कागदावर छापून. 11 पानं, अक्षर 4 पॉइंटचं! सरकारी वकिलांनी वाचता येत नाही म्हणून तक्रार केली, कोर्टाने रोजचा 5,000 डॉलर दंड लावला, तेव्हा पठ्ठ्याने खरी किल्ली दिली आणि 8 ऑगस्टला दुकानच बंद करून टाकलं. याला म्हणतात बाणा. आमच्या कंपनीने निरोपाच्या मेलमध्ये फुगे उडवले होते.

"मामा, तुम्ही आता ओपन सोर्सवर या," भाचा म्हणाला. तो पुण्यातच आयटीत आहे, त्यामुळे रविवारी घरी जेवायला आला की सल्ला आलाच. "फायली पाठवायचं मोझिलाचं फायरफॉक्स सेंड आठवतंय? 2019 ला आलं, 2020 ला बंद. व्हायरस पाठवणारेच त्याचा जास्त फायदा घ्यायला लागले. पण कोड खुला होता, लोकांनी उचलला, आजही आपापल्या सर्व्हरवर चालवतात. कंपनी गेली तरी कोड राहतो. आणि तुमची फसवणूक होत नाहीये ना, हे स्वतः वाचून बघता येतं."

वाचून बघितलं. सातबाराही कुणालाही वाचता येतो. प्रश्न कळण्याचा असतो.

तरी एकेक गोष्ट मार्गी लागली. पासवर्ड कीपासएक्ससीमध्ये गेले. टिपणं जॉपलिनमध्ये. घरच्यांबरोबर भरायचा खर्चाचा तक्ता क्रिप्टपॅडवर, जो आपल्या सर्व्हरवरचा मजकूर स्वतःच वाचू शकत नाही. (बायकोचं मत : "तुमचा तो खर्च बघण्यासारखा आहे तरी कुठे?") फोनमधले फोटो लॅपटॉपवर आणायला सिंकथिंग. मधे कुणाचाही सर्व्हर नाही, फोन थेट लॅपटॉपशी बोलतो. एकाच छताखाली दोघं थेट बोलतात, ही आमच्याकडे नवीनच प्रथा.

मग अंगात आलं आणि रास्पबेरी पाय आणला. पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक, त्यावर नेक्स्टक्लाउड टाकायचं, की आपला क्लाउड आपल्या घरात. टीव्हीच्या कपाटावर राउटरशेजारी तो विराजमान झाला. दर गुरुवारी आमच्या भागात लाईट जाते, त्या दिवशी माझा क्लाउडही सुट्टीवर. खंडेनवमीला आईने घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली. सांडशी, विळी, शिलाईमशीन आणि हा. हळदकुंकू वरून वाहिलं असतं तर हरकत नव्हती. आईने बोट थेट यूएसबीच्या भोकाला टेकवलं. पेनड्राइव्ह लावला की अजून पिंजर निघते.

खरी पंचाईत बायकोने काढली. "अहो, उद्या तुम्हाला काही झालं तर हे उघडायचं कसं?"

"मास्टर पासवर्डशिवाय उघडतच नाही. तेच तर त्याचं वैशिष्ट्य आहे."

"कंपनीला फोन करून?"

"कंपनीच नाहीये."

यावर ती काही बोलली नाही. पासवर्ड आता एका कागदावर, पाकिटात घालून, तिच्या दागिन्यांच्या लॉकरमध्ये आहे. लॉकरची किल्ली अर्थातच तिच्याकडे.

पण हे सगळं परवडलं. खरी शिक्षा पत्ता बदलण्याची. ई-मेल नवीन म्हणजे विमा, गॅस, म्युच्युअल फंड, सोसायटी, सगळ्यांना कळवा. म्हणजे, माझ्याबद्दल कुणाला काही कळू नये म्हणून मी ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला नवा पत्ता कळवत सुटलो. शाळेच्या ग्रुपवर टाकला तेव्हा वीस वर्षं न बोललेल्या मित्राने विचारलं, "काय रे, कसली लफडी चाललीयेत?"

बँकेचं मात्र ऑनलाइन होईना. फॉर्म भरून काउंटरवर गेलो. मॅडमनी चष्मा नाकावर ओढून माझं अक्षर पाहिलं आणि सोडून दिलं. "तोंडी सांगा."

मी खाली वाकून हळूच सांगितलं.

"काका, मोठ्याने! एसी चालू आहे ना."

मोठ्याने सांगितलं. डोमेन अनोळखी असल्यामुळे एकेक अक्षर सांगावं लागलं. टी फॉर टेबल. यू फॉर अंब्रेला. मॅडम एका बोटाने टाइप करत, प्रत्येक अक्षर खड्या आवाजात परत म्हणत होत्या. पेन्शनच्या रांगेने गप्पा थांबवून कान टवकारले.

"पुढे अंडरस्कोर ना?"

"नाही मॅडम, डॉट," रांगेतून एक आजोबा म्हणाले. "डॉट म्हणालेत ते. आणि शेवटी दोन आकडे आहेत, ते राहिले तुमचे."

मॅडमनी आकडे घातले, एंटर दाबलं आणि प्रसन्न हसल्या.

"झालं काका. कन्फर्म करायची लिंक पाठवलीये तुमच्या जुन्या ई-मेलवर."