स्तोत्र २३ च्या पुढेही बरंच आहे

दुःखाच्या दिवसांत बायबलमधलं स्तोत्र २३ (‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’) वाचा, हे एका लेखातलं म्हणणं ठीकच आहे. पण खरं सांगायचं तर धाकटा भाऊ गेला तेव्हा मला त्यातल्या हिरव्या कुरणांचा रागच यायचा. आधार दिला तो स्तोत्र ८८ ने. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळतच नाही, अंधारातच संपतं. तरीही ते शास्त्रात ठेवलंय! म्हणजे देवापुढे नुसतं रडलं तरी चालतं, सोबत आभारप्रदर्शन लागत नाही.

आणि बायबलमधल्याच ‘१ राजे’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायातला एलीया संदेष्टा. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या संदेष्ट्यांवर एवढा विजय मिळवलेला माणूस झुडपाखाली बसून ‘आता माझा प्राण घे’ म्हणतो. देवदूत त्याला बोल लावत नाही. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो, पितो, परत झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खा म्हणतो. उपदेश शून्य. (सांत्वनाला येणाऱ्या काही मंडळींनी हा अध्याय वाचून यायला हवं होतं.)

एक विनंती. रोमकरांस ८:२८ (देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळं मिळून कल्याणकारक ठरतं, हे वचन) पहिल्याच आठवड्यात कुणाला पाठवू नका. ते वचन मी मानतो, पण तेव्हा ते आलं की मी फोन पालथा ठेवायचो.