साइट गेली, सुतक कसं पाळाल?

हळहळणं ही विद्या आहे आणि इंदूरच्या मराठी घरात वाढलेल्या माणसाला ती वेगळी शिकावी लागत नाही. होळकरांच्या संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. सी. के. नायडूंचे षटकार ज्यांनी पाहिले ते आता फारसे उरले नाहीत. ज्यांनी पाहिले नाहीत ते मात्र चेंडू कुठल्या झाडाच्या कुठल्या फांदीला लागला तेही सांगतात. रामबागेतल्या कुठल्याही लग्नात असे एक तरी काका पंगतीला असतात. तुम्ही चाळिशीला टेकलात, केस मागे सरले, तेव्हा तुमच्याही वाट्याला एखादं गतवैभव यायला हवं. संस्थान तुमच्या जन्माआधीच विलीन झालं. राहिल्या अ‍ॅनिमेच्या (जपानी कार्टून मालिकांच्या) जुन्या वेबसाइट. त्याच धरा.

सुतकाला तिथी लागते, ती आधी पाठ करा. जिओसिटीज २६ ऑक्टोबर २००९ रोजी गेली. फुकटात वेबपानं ठेवू देणारी ही वसाहत सुरुवातीला मोहल्ल्यांमध्ये वाटलेली होती, पानाला घर नंबर असे, आणि अ‍ॅनिमेवाले ‘टोकियो’त राहत. म्हणजे सुदामानगरात भाड्याच्या खोलीत बसून माणूस टोकियोत स्वतःचं घर बांधू शकत होता. याहूने जानेवारी १९९९ मध्ये हा सगळा कारभार साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त मोजून घ्यायचं ठरवलं आणि दहा वर्षांनी कुलूप लावलं. याहूला मनसोक्त शिव्या घाला. कंपनीला शिव्या घातल्या की दुःखाला वजन येतं. बंद होणार ही घोषणा एप्रिलमध्येच झाली होती, सामान हलवायला मधे सहा महिने मिळाले होते, हा तपशील तेवढा गाळा. जपानमधली जिओसिटीज तर ३१ मार्च २०१९ पर्यंत तग धरून होती. तिचं नावही काढू नका. कोणीतरी विचारेल की त्या वाढीव वर्षांत तुम्ही काय केलंत.

मग सायबर कॅफेचं वातावरण उभं करा. प्लायवूडचे कप्पे, त्यांना पडदे, दाराशी रजिस्टर, आणि ‘भिया, टाइम हो गया’ असं ओरडणारा पोरगा. छप्पन किलोबिटचा मोडेम कागदावर सेकंदाला सात किलोबाइट द्यायचा, आणि ती एक लाइन कॅफेतल्या सगळ्या मशीनमध्ये वाटलेली. त्यामुळे चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरे. आधी आभाळ, मग टोकदार केस, मग कपाळ. ओठांपर्यंत पोचेस्तोवर तास संपायचा. कित्येक नायिकांना हनुवटी असते हे ब्रॉडबँड आल्यावर कळलं, असं सांगा, लोक हसतात. पानामागे अचानक वाजू लागणारं मिडी संगीत, आडवी पळणारी अक्षरं, ‘काम चालू आहे’ म्हणत खड्डा खणणारा इवलासा मजूर, जपानी अक्षरांच्या जागी दिसणारे चौकोन, यांची नावं घ्याच. टीव्हीची हळहळ यात मिसळू नका. अ‍ॅनिमॅक्स वाहिनी २००४ मध्ये आली, २०१७ मध्ये गेली, तिचं श्राद्ध वेगळं. दूरदर्शनवरचा मोगली मुळात जपानी होता, हे वाक्य मात्र कुठेही खपतं.

एका ठिकाणी सल्ला देताना माझी जीभ अडखळते, तेवढं सांगून टाकतो. त्या काळात निम्म्या मालिका आपण पाहिल्याच नाहीत, वाचल्या. आपल्याकडे त्या लागत नव्हत्या, आणि एक भाग उतरवून घ्यायचा तर रात्र जायची नि सकाळी लाइन तुटलेली असायची. पण दूर अमेरिकेत किंवा फिलिपिन्समध्ये कोणी कॉलेजातली मुलगी, मैत्रिणीकडून आलेली व्हिडिओ कॅसेट थांबवत थांबवत, एकेका भागाचा सारांश लिहून ठेवत असे. गाणी आधी रोमन अक्षरांत, शेजारी इंग्रजी अर्थ. कुठल्या पात्राला आवाज कोणाचा, याचा तक्ता. मंगात, म्हणजे मूळ जपानी चित्रकथेत, काय होतं नि पडद्यावर काय आलं, अमेरिकेतल्या वाहिनीने कुठे कात्री लावली, याची यादी. एकाच आवडत्या पात्राला वाहिलेली अख्खी साइट असे, तिला श्राइन म्हणत. अशा साइटना गुंफणारी वेबरिंग असे. ‘पुढची’वर टिचकी मारत गेलं की फिरून पहिल्या साइटवर यायचं. या सगळ्या पसाऱ्याचं हाताने लावलेलं सूचिपत्र म्हणजे १९९५ मध्ये सुरू झालेलं अ‍ॅनिमे वेब टर्नपाइक. इंदुरातल्या पोराला न पाहिलेल्या मालिकेचा शेवट ठाऊक असायचा, आणि तो वाचून त्याच्या घशात आवंढाही यायचा. हे लिहिणारीला बहुधा छदामही मिळत नव्हता. परीक्षा आली की साइटवर चिठ्ठी लागे: परीक्षा आहे, जूनमध्ये भेटू. काही जणी जूनमध्ये परतल्या नाहीत.

हे ठाऊक असलं तरी मैफलीत इतक्या तपशिलात शिरू नका. लगेच प्रश्न येतो, अशा मुलीला तुम्ही कधी दोन ओळी लिहिल्यात का? गेस्टबुक होतं की. तुम्ही त्यात लिहिलं होतं, ‘नाइस साइट, प्लीज व्हिजिट माय साइट ऑल्सो’, आणि तुमच्या साइटवर तिच्याकडूनच उचललेली चित्रं होती. शिवाय जिवंत साइट फार मागण्या करते. तुटलेली लिंक कळवा, चूक दाखवा, मत द्या. मेलेली काही मागत नाही. म्हणून शहाण्या माणसाने प्रेम राखून ठेवावं आणि पान उघडेनासं झालं की एकदम बाहेर काढावं.

तुम्ही का नाही जतन केलंत, असं कोणी विचारलंच तर राइट-क्लिक पुढे करा. साइटवर माऊसचं उजवं बटण दाबलं की ‘चित्रं चोरू नका’ अशी पाटी अंगावर यायची, हे अगदी खरं आहे. चित्रं जपानी स्टुडिओची, पाटी साइटवालीची! ‘ठेवायचं फार मनात होतं हो, पण राइट-क्लिकच बंद’ असं म्हणून हात झटका. वरच्या ‘फाइल’ मेनूतलं ‘सेव्ह अ‍ॅज’ चालू होतं, हे आजकाल कोणाच्या लक्षात राहिलेलं नाही.

खरा धोका आहे तो ज्यांनी खरोखर काही वाचवलं त्यांच्यापासून. आर्काइव्ह टीम नावाच्या स्वयंसेवकांनी जिओसिटीज बंद पडण्याआधी तिची हाताला लागतील तेवढी पानं उतरवून घेतली आणि २०१० मध्ये त्यांचं टोरंट, म्हणजे कोणालाही उतरवून घेता येईल असं गाठोडं, सगळ्यांसाठी खुलं केलं. आकार साधारण साडेसहाशे जीबी. जेल रोडच्या दुकानात मिळणाऱ्या एक टेराबाइटच्या डिस्कवर ते गाठोडं, म्हणजे टोकियोतली वाचलेली घरं शेजारपाजाऱ्यांसकट, मावतं. उतरवू नका. पानं खरोखर उघडली तर जांभळ्यावर पिवळी अक्षरं वाचवत नाहीत हे कळेल, आणि निम्म्या घरांत तो मजूर अजून खड्डाच खणत असेल. त्यापेक्षा ज्यांनी हौसेने स्वतःचं डोमेन घेतलं त्यांची कथा सांगा, ती जास्त रंगते. वर्षाचे पैसे भरायचे राहिले, नाव दुसऱ्याने उचललं, आणि नायिका होती तिथे जुगाराची जाहिरात लागली. वर नव्या मालकाने ‘रोबॉट्स डॉट टीएक्सटी’ नावाची, यंत्रांना ‘इथे शिरू नका’ सांगणारी दोन ओळींची फाइल ठेवली की बरीच वर्षं वेबॅक मशीन हे जुन्या वेबपानांचं संग्रहालयही त्या पत्त्यावरची जुनी पानं दाखवत नसे. माणूस तर गेलाच, भिंतीवरचा फोटोही उतरवला. इथे आवाज थोडा घोगरा होऊ द्या.

आकडाही एक जवळ असावा. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये सांगितलं की २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. हा आकडा सराफ्यात रात्री अकराला, समोरच्याच्या तोंडात भुट्ट्याचा कीस असताना फेकावा. तोंड भरलेल्या माणसाला उलट प्रश्न विचारता येत नाही.

आणि आजचं लिखाण? ते डिस्कॉर्ड नावाच्या गप्पांच्या अड्ड्यावर बंद दारांआड चालतं, जिथे ना गूगल पोचतं ना वेबॅक मशीन. कोणी अभ्यासू पोर रात्री दोनला तिथे बसून दुसऱ्या पर्वातलं रेखाटन का घसरलं, स्टुडिओत काय बिनसलं, याचं तीन पानी उत्तर लिहितं. त्यावर मीमचा पाऊस पडतो आणि सकाळी ते उत्तर लिहिणाऱ्यालाही सापडत नाही. त्याची प्रत अजिबात ठेवू नका. वीस वर्षांनी हळहळायला माल नको का?

घरात पुरावाही ठेवू नये. सीडीवर उतरवलेली काही पानं माळ्यावरच्या डब्यात असतीलच. आपलं इंदूर २०१७ पासून देशात स्वच्छतेत पहिलं. इथे दारात येणाऱ्या कचरागाडीला ओला, सुका, प्लास्टिक करत सहा कप्पे असतात आणि त्यात इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचाही एक असतो. सीडी प्लास्टिक की इलेक्ट्रॉनिक, यावर गाडीवाल्याशी हुज्जत घाला म्हणजे नागरिक म्हणून समाधान मिळेल, आणि मग डबा सोपवा. पुढे सगळीकडे सांगा की आईने टाकला. मराठी घरातला झाडून सगळा ऐतिहासिक ठेवा आईनेच टाकलेला असतो. तिला विचारायला कोणी जात नाही.

एवढी तयारी झाली की परीक्षेचा प्रसंग येईल. अकरावीतली भाची येऊन सांगेल की तिने निओसिटीज नावाच्या, जिओसिटीजच्या धर्तीवरच्या साइटवर फुकट जागा घेतली, एचटीएमएल स्वतः लिहिलं, एका पात्राला वाहिलेली साइट केली, आणि भागांचे सारांश चक्क मराठीत आहेत. ‘मामा, तू तर तेव्हाच्या साइट पाहिल्यास ना? बघून सांग ना कशी झालीय. गेस्टबुक पण ठेवलंय, अजून कोणी लिहिलं नाही.’ डळमळू नका. ‘लिंक पाठव, निवांत बघतो’ म्हणा आणि आमच्या वेळची मजाच वेगळी होती, हे अर्धा तास ऐकवा. फारच आग्रह केला तर राइट-क्लिक कसं बंद करतात ते शिकवा. लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर येईल तेव्हा अंगठा दाखवा, उघडू नका. पहिल्या पानाचा एक स्क्रीनशॉट मात्र तिच्याकडून आत्ताच मागून घ्या. २०४० च्या सुमारास स्टेटसला लागेल.