दिवा लागण्याची वाट का पाहू नये: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

ट्रेलर काढण्यापूर्वी इंजिन तपासण्याविषयी मी लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे की, बीएस-६ (नव्या प्रदूषण-मानकाच्या) गाडीत बिघाड दाखवायला दिवे असतात, रोज वाकून पाहण्याची पद्धत जुन्या गाड्यांबरोबर गेली आणि त्यात वेळ घालवला तर खाणीवरचा माल भरण्याचा नंबर मागे पडतो. आपला एक आक्षेप मला मान्य आहे. इंजिन पाहण्यासाठी रोज केबिन उचलण्याची गरज नाही, हे मी स्पष्ट लिहायला हवे होते. ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी आणि कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, टाकी बऱ्याच गाड्यांत केबिन न उचलताही पाहता येते.

दिव्यांवरचा भरवसा मात्र मला पटत नाही. ऑइलचा लाल दिवा दाब पडल्यावर लागतो. तोपर्यंत पंप हवा ओढू लागलेला असतो आणि बेअरिंगे झिजायला लागलेली असतात. तापमानाच्या काट्याचे तर त्याहून वाईट. त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असावा लागतो; होज, म्हणजे पाण्याचा रबरी पाइप, फुटून पाणीच निघून गेले, तर काटा वर चढण्याऐवजी खालीही येऊ शकतो आणि चालकाला वाटते की इंजिन थंड आहे.

एका मे महिन्यात मला वणीहून कोळसा घेऊन वरोऱ्याकडे निघायचे होते. पहाटे टॉर्च मारली, तर रेडिएटरच्या खालच्या होजच्या क्लिपभोवती हिरवट-पांढरा, वाळलेला ओघळ दिसला. जमिनीवर एक थेंबही नव्हता, कारण इंजिन तापून दाब वाढला की मगच तिथून पाणी झिरपत होते. होज दाबून पाहिला. क्लिपजवळ तो मळलेल्या कणकेसारखा मऊ लागला. पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या त्या दिवसांत, भरल्या गाडीखाली, तो फार काळ टिकला नसता. डॅशबोर्डवर एकही दिवा नव्हता.

हिंगणघाट-यवतमाळकडे कापसाच्या हंगामात फेऱ्या करणाऱ्यांनी रेडिएटर आणि त्यापुढच्या इंटरकूलरच्या (इंजिनात जाणारी हवा गार करणाऱ्या जाळीच्या) मधल्या फटीतही पाहावे, कारण तिथे साचलेली रुई समोरून दिसत नाही.

राहिला नंबराचा प्रश्न. गाडी रात्री सपाट जागी लावलेली असली, तर ऑइल, कूलंट, होज, पट्टे (बेल्ट) आणि डिझेल फिल्टरमधले पाणी, एवढे गार इंजिनावर पाहायला मला आठ मिनिटे लागतात. पट्टीवरचे ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले, तर त्यात पाणी मिसळते आहे असे समजावे, आणि त्या दिवशी नंबर गेला तरी चालेल, पण सेल्फ मारू नये.